घोड्याची सनद आणि माणसाची पथारी

१८९० साली विल्यम बूथ या इंग्रज धर्मप्रचारकाने लंडनमधील दैन्याविषयी एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील घोड्याचा दृष्टान्त पुढे फार गाजला. लंडनच्या रस्त्यावर भाडोत्री बग्गीचा घोडा कोसळला, तर तो कोणाच्या चुकीने कोसळला याची चौकशी करीत कोणी बसत नाही. प्रथम त्याला उठवून उभे केले जाते. शिवाय जिवंत असेतो त्याला रात्री छप्पर, वेळेवर दाणावैरण आणि ती कमावण्यापुरते काम एवढे मिळतेच. बूथने याला बग्गीच्या घोड्याची सनद म्हटले, आणि साम्राज्याच्या राजधानीतील लक्षावधी माणसांना एवढीही सनद लाभलेली नाही हे इंग्लंडच्या तोंडावर मांडले.

हा दृष्टान्त मुंबईकरांना जुना वाटण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा घोड्यांचे आणि गाडीवानांचे पुढे काय, हा प्रश्न न्यायालयासमोर आला आणि पुनर्वसनाची योजना आखण्यास शासनाला सांगण्यात आले. ते योग्यच झाले. पण त्याच शहरात उड्डाणपुलाखाली दारूच्या किंवा गर्दच्या अमलात पडलेला माणूस पाहिला की लोकांचा पहिला प्रश्न आजही ‘हा पडला कसा’ हाच असतो, आणि उत्तर गृहीत धरलेले असते : स्वतःच्या कर्माने.

बूथने स्थापिलेली संघटना म्हणजे साल्व्हेशन आर्मी. मराठी मुलखात तिला ‘मुक्तिफौज’ म्हणतात. १८६५ साली लंडनच्या पूर्व भागातील कामगारवस्तीत तिचा आरंभ झाला. १८७८ मध्ये तिने लष्करी नाव घेतले आणि १८८८ मध्ये गोदी कामगारांच्या लाइमहाउस भागात पहिले अन्नछत्र व रात्रनिवारा उघडला. त्याआधीच, सप्टेंबर १८८२ मध्ये, तिची एक छोटी तुकडी मुंबई बंदरात उतरली होती. तिचा प्रमुख फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरीचा राजीनामा दिलेला गोरा अधिकारी. त्याने भगवे वस्त्र पांघरले, ‘फकीर सिंग’ हे नाव घेतले आणि तो अनवाणी फिरू लागला. गोऱ्या माणसाने देशी वेषात रस्त्यातून मिरवणूक काढावी हे राज्यकर्त्यांना इतके खटकले की त्यांनी त्याला तुरुंगातही धाडले. परंतु याच फौजेने पुढे तथाकथित ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहती चालविण्याचे सरकारी कंत्राट स्वीकारले, हेही विसरता येत नाही. तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या माणसाला आश्रय मिळाला असे म्हणणे म्हणजे शब्दांचा छळ करणे होय.

अशा संस्थांविषयी समाजवाद्यांच्या मनात जी अढी आहे ती अकारण नाही. शॉच्या ‘मेजर बार्बरा’ या १९०५ सालच्या नाटकात मुक्तिफौजेचा निवारा बंद पडण्याची वेळ येते आणि तो वाचतो तो एका दारूच्या कारखानदाराच्या व एका तोफांच्या कारखानदाराच्या देणगीने. ज्या धंद्याने माणसे निवाऱ्यात येऊन पडतात त्याच धंद्याच्या पैशाने निवारा चालावा, यातील उपरोध शॉने लपविलेला नाही. त्याच नाटकात पावाच्या तुकड्यासाठी न केलेली पापे रंगवून कबूल करणारा एक बेकारही आहे. जॉर्ज ऑर्वेल भणंगांबरोबर प्रत्यक्ष राहिला होता. आपल्या १९३३ सालच्या पुस्तकात त्याने एका चर्चमधील प्रसंग वर्णिला आहे. फुकट चहा मिळाल्याबद्दल प्रार्थनेला बसणे भाग पडलेले भणंग तेथे उपासनेची उघड टवाळी करतात. उपकार करणाऱ्याचा असा सूड घेतला जातो, कारण उपकाराबरोबर मानहानीही पदरात पडलेली असते. धर्मादायावरील इतकी मार्मिक टीका पोथीनिष्ठ पत्रकांतूनही क्वचितच आढळते.

तथापि टीका करून मोकळे होण्याइतका हा प्रश्न सोपा नाही. फ्रेडरिक एंगल्सने १८९२ मध्ये आपल्या पुस्तिकेच्या इंग्रजी आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत मुक्तिफौजेचा उल्लेख केला आहे. इंग्रज भांडवलदारांनी तिची मदत स्वीकारली खरी, पण ती गरिबांनाच देवाचे निवडलेले लोक मानते आणि धार्मिक भाषेत का होईना भांडवलशाहीशी झुंजते, म्हणून एक दिवस ती या श्रीमंतांनाच अडचणीची ठरेल, असे त्याचे निरीक्षण होते. ते भाकीत खरे ठरले असे म्हणता येणार नाही. पण हेटाळणीच्या पलीकडे पाहण्याची त्याची तयारी लक्षात घेण्याजोगी आहे. धर्माला अफूची उपमा देणाऱ्या मार्क्सनेही त्याच परिच्छेदात पीडितांच्या दुःखाशी धर्माचे असलेले नाते सहानुभूतीनेच सांगितले होते. त्या काळी अफू हे प्रामुख्याने वेदनाशामक औषध होते, ही गोष्ट त्याचे अनुयायी विसरले.

आता उपमेतील अफूकडून खऱ्या अफूकडे यावे. एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. पदपथावर राहणारा प्रत्येक माणूस व्यसनी असतो हा सुखवस्तू नागरिकांचा सोयीस्कर गैरसमज आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथवासीयांना हुसकण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निर्वाळा दिला. (पावसाळा संपल्यावर झोपड्या हटविण्यास मात्र त्याच निकालाने मोकळीक दिली. हक्क तत्त्वतः मिळाला, पथारी गेलीच.) त्या प्रकरणातील माणसे कष्टकरी होती. कामाच्या जागेजवळ राहणे परवडावे म्हणून ती पदपथावर होती.

परंतु या कष्टकऱ्यांच्या कडेला आणखी एक थर असतो. घर सुटल्यामुळे दारू लागलेला, किंवा दारूमुळे घर सुटलेला. यातील आधी कोणते आणि नंतर कोणते हे बहुधा त्या माणसालाही सांगता येत नाही. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अनेकांना पुन्हा गिरणीचे तोंड दिसले नाही. त्याच दशकाच्या आरंभी अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेने येणारी गर्द मुंबईच्या गल्ल्यांत मिळू लागली. एका हातातून काम गेले आणि दुसऱ्या हातात पुडी आली. १९८५ च्या नोव्हेंबरात अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला. त्याने सेवन हाही गुन्हा ठरविला. उपचारास स्वेच्छेने तयार होणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण ज्याच्याजवळ पत्ता नाही आणि वकील नाही त्याला ती तरतूद सांगणार कोण?

नाक्यावर बिगारी करणारा, रात्री पुलाखाली झोपणारा, रोज दारू लागणारा माणूस घ्यावा. त्याने एके दिवशी सोडण्याचा निश्चय केला तर काय होते? काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना आकडी येते. दोन-तीन दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे व किडे दिसू लागतात, आणि वेळीच औषध मिळाले नाही तर यात मृत्यूही ओढवतो. घरातल्या माणसाला अशा वेळी निदान कोणी दवाखान्यात नेते. पुलाखालच्या माणसासमोर दोनच मार्ग असतात : मरणाचा धोका पत्करणे किंवा सकाळीच पुन्हा गुत्ता गाठणे. तो गुत्ता गाठतो आणि जग त्याला इच्छाशक्ती नसलेला म्हणते. वस्तुतः त्याच्याजवळ नव्हते ते दार लावता येईल असे घर, गादी आणि डॉक्टर.

मदतीची दारेही त्याला बंदच असतात. बहुतेक खासगी केंद्रे नातेवाईक मागतात : सही करावयास, पैसे भरावयास, भेटीस यावयास. ज्याचे नातेवाईकच उरले नाहीत त्याने अर्जावरील ती ओळ कशी भरावी? नेमक्या याच ठिकाणी ख्रिस्ती निवाऱ्यांनी केलेले काम मोठे आहे. त्यातील पुष्कळ निवाऱ्यांनी दारात उभ्या असलेल्या माणसाला कागद विचारला नाही. अंघोळ, दाढी, धुतलेले कपडे, गरम जेवण आणि नाव विचारणे ही त्यांची पहिली कृत्ये असतात. यातील शेवटचे कृत्य क्षुल्लक वाटेल. पण वर्षानुवर्षे ‘ए’ म्हणूनच हाक ऐकलेल्या माणसाला ते क्षुल्लक वाटत नाही.

वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी ‘कृपा’ ही संस्था सुरू केली. त्यांनी बायबलावरच भिस्त ठेवली नाही, हे विशेष. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडे शिकलेला योग आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसची बारा पायऱ्यांची पद्धती यांची त्यांनी सांगड घातली. कॅथलिक धर्मगुरूने व्यसनी माणसांना आसने शिकवावीत, यातून धर्माच्या भिंती किती लवचीक होऊ शकतात ते दिसते. २००९ मध्ये शासनाने त्यांना पद्मश्री दिली. पद्मश्री देणे सोपे असते. त्या प्रकारचे एक केंद्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात उघडणे त्याहून अवघड असते.

या अनॉनिमस मंडळींच्या जन्मकथेतही एक ख्रिस्ती निवारा आहे. १९३४ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील एक बुडालेला शेअरदलाल आपल्या जुन्या मद्यपी मित्राच्या मागोमाग काल्व्हरी चर्चच्या निवाऱ्यात गेला. तेथे फाटक्या माणसांबरोबर बसून त्याने जे ऐकले त्यातून, पुढच्याच वर्षी अॅक्रन शहरात एका मद्यपी डॉक्टरशी गाठ पडल्यावर, ही चळवळ उभी राहिली. तिची मूळ धर्मभाषा नास्तिकांना गिळवेना, तेव्हा ईश्वर ज्याला जसा उमजेल तसा मानण्याची मुभा देण्यात आली. पण तिचे खरे सामर्थ्य ईश्वराच्या व्याख्येत नाही. तेथे वर्गणीची सक्ती नाही, मालक नाही, कायमचा अध्यक्ष नाही. एक दारुडा दुसऱ्या दारुड्याला बरोबरीच्या नात्याने आपली हकीकत सांगतो आणि त्याच्या मदतीने स्वतःही शुद्धीवर राहतो. परस्पर साहाय्याचे हे तत्त्व समाजवाद्यांना परके वाटण्याचे कारण नाही. परके वाटले पाहिजे ते एवढेच की ते चर्चच्या सभागृहात टिकले आणि कामगार संघटनेच्या कचेरीत कधी रुजलेच नाही. दारू प्यायलेल्या सभासदाला संघटनेने बहुधा समज दिली, शिस्तभंग केला किंवा दुर्लक्ष केले. त्याच्याजवळ बसायला माणूस दिला नाही.

याला मराठी समाजवादी परिवारात एक ठळक अपवाद आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी लिहिले आणि लिहून ते थांबले नाहीत. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने व पु. ल. देशपांडे-सुनीताबाईंच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तेथे प्रार्थनेची अट नव्हती. क्रूस किंवा मूर्ती यांच्यावाचूनही हे काम होते, याचा तो पुरावा होय. पण एका मुक्तांगणाकडे बोट दाखवून किती वर्षे समाधान मानावयाचे, हा प्रश्न उरतोच.

या सर्व चर्चेत एक आक्षेप दबक्या आवाजात, आणि अलीकडे मोठ्या आवाजात, घेतला जातो : हे लोक निवारा देतात तो धर्मांतरासाठी. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ मध्ये पुण्यात असाच गदारोळ उठला आणि सनातनी मंडळींनी आपल्या मुली काढून नेल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रस्त्याकडेला मरणाऱ्या मुलींना रमाबाईंनी केडगावी नेले, तेव्हा त्यांना आपल्या घरी नेण्यासाठी आक्षेपकांची रांग लागल्याचे इतिहासात नमूद नाही. उपाशी माणसाच्या भुकेचा श्रद्धेसाठी सौदा करणे निंद्यच आहे, मग तो कोणत्याही धर्माचा प्रचारक करो. भाकरीबरोबर प्रार्थना सक्तीची करणाऱ्या निवाऱ्याला तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ज्याला दुसरा निवाराच उपलब्ध नाही त्याच्या श्रद्धेचे स्वातंत्र्य हिरावण्याचा पहिला दोष, दुसरा निवारा न उभारणाऱ्या शासनाकडे जातो. २०२१ च्या नाताळात मदर तेरेसांच्या संस्थेचा परदेशी देणग्यांचा परवाना नूतनीकरणावाचून अडविण्यात आला. दोन आठवड्यांच्या आत तो पूर्ववत करावा लागला. तेवढ्या दिवसांत तिच्या आश्रितांसाठी सरकारने एक तरी पर्यायी खाट मांडली होती काय?

शासनाची बाजू काय आहे ते आकडेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले. मुंबईत सुमारे ५७ हजार. रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी नेहमीच तोकडी पडते, हे ध्यानात घेऊनही हा आकडा लहान नाही. मोठ्या शहरांत दर लाख लोकवस्तीमागे बारमाही निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले. या हिशेबाने मुंबईला सव्वाशे निवारे हवेत. त्याच्या जवळपासही महापालिका पोहोचलेली नाही. व्यसनांची स्थिती याहून बिकट. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या दुष्परिणामांमुळे मदतीची गरज असलेले लोक ५ कोटी ७० लाखांहून अधिक आहेत. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसलाही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० जणांत एकाला. महाराष्ट्र शासन मात्र मद्यावरील करातून दरसाल वीस हजार कोटी रुपयांहून अधिक मिळविते. शॉच्या नाटकातील कारखानदाराने निदान निवाऱ्याला देणगी तरी दिली होती.

कायदा नाही असेही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे आणि निराधार व बेघर रुग्णास, त्याच्याजवळ दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो, विनामूल्य उपचाराचा हक्क दिला आहे. इतकी स्पष्ट तरतूद क्वचितच आढळते. पण रस्त्यावरच्या माणसाची गाठ पडते ती १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याशी. त्याखाली त्याला पकडून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या मुख्य दंडात्मक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. ज्या मुंबईचे नाव त्या कायद्याला आहे तेथे हे पाऊल अद्याप पडलेले नाही.

निवाऱ्याची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन-तीन महिने माणूस आत राहतो. शरीर सावरते, हात स्थिर होतात, तो स्वयंपाकघरात कामाला लागतो, नव्याने आलेल्याला धीर देतो. मग बाहेर पडण्याचा दिवस येतो. बाहेर तोच नाका, तोच पूल, तीच मित्रमंडळी. खोली घ्यायची तर अनामत रक्कम हवी, ओळखपत्र हवे, जामीन हवा. यांपैकी काहीच नसल्यामुळे तो पुन्हा पुलाखाली जातो आणि तेथे शुद्धीत झोपणे जवळजवळ अशक्य असते. थंडी, डास, पोलिसांचा दंडुका आणि चोरीचे भय हे सारे नशेत सोसते, शुद्धीत सोसत नाही. काही आठवड्यांत तो परत दाखल होतो आणि दोष पुन्हा इच्छाशक्तीवर जातो.

हेलसिंकी शहरातील आल्पिकातू रस्त्यावर मुक्तिफौजेचाच एक जुना निवारा होता. अडीचशेच्या आसपास खाटा, फिनलंडमधील सर्वांत मोठा. त्या देशाने २००८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेऊन ठरविले की बेघराने आधी सुधारावे आणि मग घर मिळवावे हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी घर, मग बाकीचे. मुक्तिफौजेने आपला निवारा रिकामा करून त्याच इमारतीत सुमारे ऐंशी सदनिका केल्या. प्रत्येकाच्या नावे भाडेकरार, स्वतःचे न्हाणीघर, स्वतःची किल्ली. मदतनीस त्याच इमारतीत. मदत घेण्याची सक्ती नाही, आणि दारू सोडण्याची अटही नाही. १९८० च्या दशकात त्या छोट्या देशात अठरा-वीस हजार बेघर होते; २०२२ पर्यंत ते चार हजारांच्या खाली आले. २०२४ मध्ये, कल्याणकारी खर्चाला कात्री लागल्यावर, आकडा बऱ्याच वर्षांनी पुन्हा वर गेला, हेही तितकेच बोधप्रद आहे. सव्वाशे वर्षे खाटा देणाऱ्या एका ख्रिस्ती संघटनेने खाट पुरेशी नाही हे मान्य करून आपलेच दालन पाडले, यास मोठे मन लागते. मात्र घर मिळाले की व्यसन आपोआप सुटते असा भ्रम बाळगू नये. कॅनडातील पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघरांवर झालेल्या प्रयोगात घर टिकले, पण नशेच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे किल्लीही हवी आणि सोबतही हवी. पहिली शासनाने द्यावयाची आहे. दुसरी कोणत्याही शासनाला आदेश काढून देता येत नाही.

मुंबई-पुण्यातील समाजवादी संघटनांनी महापालिकांकडे निवाऱ्यांची मागणी करावी, त्यासाठी मोर्चे न्यावेत, २०१७ च्या कायद्याचा आधार घेऊन न्यायालयातही जावे. परंतु पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती निवेदन देऊन नव्हे; चूल पेटवून. त्या भाकरीवर उपकाराचा शिक्का नव्हता, कारण ती रास्त दामात विकत मिळत होती. निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी अनामत भरणे, जामीन राहणे, पहिल्या तीन महिन्यांचे निम्मे भाडे उचलणे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ युनियनची कचेरी या माणसांच्या बैठकीसाठी मोकळी ठेवणे एवढे करण्यास शासनाची परवानगी लागत नाही. आरंभ दहा खोल्यांनीही करता येईल. बाहेर पडणाऱ्यांची नावे ‘कृपा’ आणि ‘मुक्तांगण’ यांच्याकडे आहेत; ती त्यांनी होऊनच मागावयास हवीत.